दुकानाचा विमा: ब्रोकरकडून घ्यावा की थेट कंपनीकडून?

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं आणि दुकानांतला माल भिजला. अशा वेळी क्लेमसाठी तुमच्या बाजूने कोण बोलणार? एजंट विमा कंपनीचा प्रतिनिधी असतो. आयआरडीएआयचा परवाना असलेला ब्रोकर ग्राहकाच्या वतीने काम करतो, अनेक कंपन्यांचे दर आणतो; त्याचं कमिशन सहसा कंपनीच देते.

साताऱ्यात एकच छोटं दुकान असेल, तर 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' थेट घेतली तरी चालतं. एका ठिकाणच्या 5 कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी ही पॉलिसी आहे आणि पूर तिच्यात धरलेला आहे. सांगलीत हळदीची दोन-तीन गोदामं आणि हंगामानुसार बदलणारा साठा असेल, तर ब्रोकर बरा. प्रीमियम वाचवायला मालाची किंमत कमी दाखवलीत, तर मात्र दोघेही कामाचे नाहीत: तफावत 15 टक्क्यांच्या वर गेली की भरपाई त्या प्रमाणात कापली जाते.