मान्यतेची मक्तेदारी

२०१२च्या फेब्रुवारीअखेर वर्ल्ड सीरिज हॉकी ही व्यावसायिक लीग सुरू झाली. आठ संघांत एक होता ‘भोपाळ बादशाह’. मैदान ऐशबागचं, कर्णधार भोपाळचाच समीर दाद. अहमद शेर खान आणि अस्लम शेर खान या बापलेकांना भारताच्या संघात धाडणाऱ्या, १९३१पासून ओबेदुल्ला खान सुवर्णचषक भरवणाऱ्या या शहराला अखेर आपला व्यावसायिक संघ मिळाला. तो एकाच मोसमापुरता. खेळाडूंचं मानधन थकलं हे खरंच, पण लीगचा गळा त्याआधीच आवळला गेला होता.

लीग भरवली निम्बस कंपनी आणि भारतीय हॉकी महासंघाने. आंतरराष्ट्रीय मान्यता मात्र होती हॉकी इंडिया या प्रतिस्पर्धी संघटनेकडे. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळाल तर देशाच्या संघाचं दार बंद, असा नियम. तरुण खेळाडूने काय निवडायचं?

या नियमाचं मूळ शोधत गेलं की भोपाळपासून फार लांब जावं लागत नाही. भारतीय हॉकी महासंघ १९२५ साली ग्वाल्हेरला स्थापन झाला. कारण ऑलिंपिकला जायचं तर देशात खेळाची एकच अधिकृत संघटना हवी होती. तेव्हा त्यात काही गैर नव्हतं; खेळ हौशी होता, वाटून घ्यायला पैसाच नव्हता. पुढे प्रक्षेपणाचे हक्क विकले जाऊ लागले आणि मान्यता देणारा स्वतःच दुकानदार झाला. शिट्टी त्याच्या हातात, तिकीटखिडकीही त्याचीच.

हे फक्त हॉकीत घडलेलं नाही. अमेरिकेत बेसबॉलच्या मालकांनी १८७९मध्येच खेळाडूंना क्लबशी जखडायला सुरुवात केली होती, आणि १९२२मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळलं. इंग्लंडमध्ये उलट घडलं. केरी पॅकरच्या बंडखोर क्रिकेट मालिकेत गेलेल्या खेळाडूंवरची बंदी न्यायमूर्ती स्लेड यांनी १९७८मध्ये बेकायदा ठरवली. तरीही २००७मध्ये झी समूहाने इंडियन क्रिकेट लीग काढली, तेव्हा बीसीसीआयने तिच्या खेळाडूंना दारं बंद केली आणि पुढच्याच वर्षी स्वतःची आयपीएल आणली.

भारतीय स्पर्धा आयोगासमोर क्रिकेट आणि हॉकी या दोन्ही खेळांची प्रकरणं गेली. फेब्रुवारी २०१३मध्ये आयोगाने बीसीसीआयला ५२.२४ कोटींचा दंड ठोठावला, कारण आयपीएलचे हक्क विकताना मंडळाने प्रतिस्पर्धी लीगला मान्यता देणार नाही अशी हमी दिली होती. तो आदेश अपिलात रद्द झाला, पण २०१७मध्ये आयोगाने तेवढाच दंड पुन्हा लावला. मे २०१३मध्ये मात्र धनराज पिल्ले आणि इतर माजी खेळाडूंची हॉकी इंडियाविरुद्धची तक्रार त्याच आयोगाने फेटाळली. हॉकी इंडियाचं वर्चस्व आहे हे मान्य केलं, गैरवापर झाल्याचं मानलं नाही. नियमनाचा अधिकार धंद्यासाठी वापरला जाऊ नये म्हणून अंतर्गत व्यवस्था करा, एवढंच सुचवलं.

मला हा निकाल पटत नाही. ज्याच्या हातात एकवटलेली सत्ता आहे त्यालाच स्वतःवर लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे खेळाडूला वाऱ्यावर सोडणं. मान्यतेचे निकष आधी जाहीर व्हावेत आणि नकाराविरुद्ध त्रयस्थाकडे दाद मागता यावी, ही मागणी काही जगावेगळी नाही. डिसेंबर २०२३मध्ये युरोपच्या न्यायालयाने सुपर लीग या प्रस्तावित फुटबॉल स्पर्धेच्या खटल्यात फुटबॉल संघटनांना जवळपास हेच सुनावलं.

दरम्यान हॉकी इंडियाने आपली लीग जानेवारी २०१३मध्येच सुरू केली. पाच संघ होते, भोपाळ नव्हतं. मधली काही वर्षं बंद राहून ती डिसेंबर २०२४मध्ये पुरुषांच्या आठ संघांसह परतली, तेव्हाही भोपाळचा संघ नव्हता.