मॅट्रिक, इंग्रजी आणि आपली मुले

नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे. घाटाखालच्या वैशाखऱ्याच्या मुलापुढे मात्र कॉलेजच्या दाराशी सातासमुद्रांपलीकडची भाषा उभी राहिली.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा झाली. त्या पहिल्या उत्तीर्णांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. इंग्रजीवर एवढे प्रभुत्व मिळवूनही विद्यापीठात मराठीला स्थान मिळावे म्हणून पुढे रानड्यांनीच खटपट केली, हे ज्ञातिबांधवांनी ध्यानात घ्यावे.

पुढील कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर. पद्धत रुक्ष खरी. पण ज्याच्या घरी कोणी इंग्रजी जाणत नाही, अशा मुलालाही ती वाट एकट्याने चालता येई.

खेर मंत्रिमंडळाच्या काळात (१९४६-५२) मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून सुरू करण्याचे ठरले. हेतू स्तुत्य होता, परंतु कॉलेजातील शिक्षण इंग्रजीतच राहिले. शहरातील पालकाने शिकवणी लावून उणीव भरून काढली; खेड्यातल्याने काय करावे? २००० साली इंग्रजी पहिलीपासून आली. जेईई मेन २०२१ पासून मराठीतही देता येते, नीटची प्रश्नपत्रिकाही मराठीत मिळते. तथापि प्रवेशानंतर हाती पडणारे ग्रंथ बहुधा इंग्रजीच.

म्हणून मंडळाने शिष्यवृत्तीच्या जोडीला दहावीनंतरच्या सुट्टीत इंग्रजी वाचनाचा वर्ग चालवावा, अशी आमची सूचना आहे. शिकविण्यास आम्ही सिद्ध आहोत.