मोडक्या मळसूत्राचा धडा

इंग्लंडमधील हेंडनचे शेतकरी फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये बोटीच्या मळसूत्री पंख्याचे पेटंट घेतले. १८३७ मध्ये पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असता त्यांचे दोन वेढ्यांचे लाकडी मळसूत्र अर्धे मोडले. आणि नवल असे की, बोट अधिक वेगाने धावू लागली! स्मिथ यांनी हट्ट न धरता एकाच वेढ्याचा पंखा स्वीकारला. पुढे १८४४ मध्ये बेनेट वुडक्रॉफ्ट यांनी पात्यांचा कल बदलता येणाऱ्या पंख्याचे पेटंट घेतले. आज हौशी मोटरबोटींनाही तंतुमिश्रित प्लास्टिकचे असे पंखे मिळतात. भार वाढला की कल कमी करावा लागतो. परंतु योग्य कल कोणता, हे अखेर पाणीच सांगते. तो कौल नम्रपणे ऐकणाऱ्याचीच नाव पुढे जाते.