श्वासाचे व्यायाम: हाजीअली ते चांदवड

सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात. त्याने हातपाय ताठरतात हे सगळ्यांना दिसते. बरगड्यांमधल्या स्नायूंवरचा आणि श्वासपटलावरचा ताबाही सुटतो, हे सहज ध्यानात येत नाही. पाठ वाकते, छाती नीट फुगत नाही, खोकल्यात जोर राहत नाही. कफ साचून साधी सर्दीसुद्धा न्यूमोनियापर्यंत जाऊ शकते. लंडनचे शल्यविशारद विल्यम लिटल यांनी १८६१ मध्ये या विकाराची मांडणी केली, तीही मुख्यतः ताठरलेल्या अवयवांची.

महाराष्ट्रात श्वासाचा प्रायोगिक अभ्यास योगाच्या वाटेने सुरू झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि योगक्रिया क्ष-किरण व दाबमापकाने तपासल्या. मात्र प्राणायामातला कुंभक स्वतःहून श्वास रोखू शकणाऱ्या साधकासाठी असतो. अंगावर ताबा नसलेल्या बालकाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. अशा मुलांच्या उपचारांची खरी पायाभरणी मुंबईच्या रुग्णालयांत झाली, आणि तिला निमित्त झाला पोलिओ. मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातिमा इस्माईल यांनी १९४७ मध्ये अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. तिचे बालरुग्णालय पुढे हाजीअलीला उभे राहिले. मुंबईच्याच केईएम रुग्णालयात कमला निंबकरांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली, आणि लवकरच तिथे फिजिओथेरपीचेही शिक्षण मिळू लागले. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शिक्षण आणि उपचार यांची सांगड घातली ती मिठू अलूर यांच्या स्पॅस्टिक्स सोसायटीने, १९७२ पासून.

नाशिकमध्ये रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी प्रबोधिनी सुरू केली. खेड्यातल्या अंगणवाडीपर्यंत तपासणी पोचवण्याची सरकारी योजना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाली. पण तपासणी गावात झाली तरी उपचारासाठी शहर गाठावे लागते. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडहून नाशिक मुंबई-आग्रा रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटर आहे. कांद्याच्या हंगामात रोजंदारी बुडवून, मूल कडेवर घेऊन दर आठवड्याला एसटीने तिथे जाणे घराला झेपत नाही. म्हणून या भागात खरा उपचार घरातच व्हायला हवा, आणि तो बहुधा आईच्याच हातून होतो.

श्वासाच्या व्यायामांना लागणारे सामान जत्रेत मिळते: पिपाणी, भिंगरी, साबणाचे फुगे. ताटातले चुरमुरे फुंकरीने पुढे ढकलणे हाही व्यायामच. आधी पाठीला आणि मानेला आधार देऊन मूल सरळ बसवतात. बसता येत नसेल तर कुशीवर निजवतात. सूचना न समजणाऱ्या मुलाच्या बरगड्यांवर तळवे ठेवून श्वास सोडताना हलका दाब देतात. जेवण झाल्या झाल्या हे करत नाहीत. गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाला नळीने पाण्यात बुडबुडे काढायला लावत नाहीत, आणि रबरी फुगा घशात अडकण्याची भीती असल्याने तोही टाळतात. ओठ निळसर दिसले की थांबून डॉक्टरांकडे जावे लागते. या व्यायामांवरचे अभ्यास लहान आहेत. त्यांत फुफ्फुसांची क्षमता काहीशी वाढलेली आढळते. मेंदूची इजा मात्र तशीच राहते. तळवे कुठे ठेवायचे आणि किती दाबायचे, हे आईला आधी फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्यावे लागते, आणि मूल वाढेल तसे पुन्हा तपासून घ्यावे लागते.