पर्ल जहाज खटला
अमेरिकेत गुलामांना पळून जाण्यास साहाय्य करणाऱ्या खलाशांवरील खटला. एप्रिल १८४८ मध्ये वॉशिंग्टनमधील ७० हून अधिक गुलाम ‘पर्ल’ या शिडाच्या जहाजातून निसटले. परंतु ते पकडले जाऊन बहुतेकांची दक्षिणेत विक्री झाली. जहाज भाड्याने घेणारा डॅन्येल ड्रेटन व कप्तान एडवर्ड सेअर्स यांच्या बचावासाठी बॉस्टनमध्ये सॅम्युएल ग्रिडली हौ प्रभृतींच्या समितीने वर्गणी जमविली. शिक्षणतज्ञ व प्रतिनिधिगृहाचे सदस्य होरेस मान यांनी विनामूल्य वकीलपत्र घेतले. चोरीचा आरोप अखेर टिकला नाही. तथापि गुलामांची वाहतूक केल्याबद्दल एकट्या ड्रेटनलाच दहा हजार डॉलरांहून अधिक दंड झाला. तो न भरला गेल्याने दोघांना चार वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढावा लागला. चार्ल्स समनर यांच्या खटपटीमुळे राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी १८५२ मध्ये त्यांना माफी दिली. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अशाच अमेरिकनांना म. जोतीराव फुले यांनी गुलामगिरी (१८७३) हा ग्रंथ अर्पण केला.