परक्या पाणवठ्यावरचे पाहुणे

अंगणातील वस्तू दिसण्यास मनुष्याला कधीकधी अर्धे आयुष्य लागते. वेलांकनी, वांद्र्याची मत माउली, जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन आमच्या अमरावती-अकोल्याच्या बहुतेक कॅथलिक कुटुंबांनी घेतलेले असते; परंतु आपल्याच धर्मप्रांताच्या सीमेत, बुलढाणा जिल्ह्यात असलेले लोणार किती जणांनी पाहिले आहे असे विचारले, तर हात फारसे वर येत नाहीत. आमचेही वर आले नव्हते. ही उणीव भरून काढावी म्हणून धर्मग्रामातील काही कुटुंबांनी एका हिवाळी शनिवारी एक दिवसाची सहल काढली. त्या दिवशी जे पाहिले, आणि त्यामुळे इतिहासाची जी पाने पुन्हा उलटावी लागली, त्यांचे हे टिपण.

अमरावतीची मंडळी आदल्या रात्रीच अकोल्यास मुक्कामाला आली होती. पहाटे प्रार्थना करून बस निघाली. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा मागे टाकून पातूर, मालेगाव, मेहकर असा आमचा रस्ता होता. ज्यांचे बालपण खारपाणपट्ट्यात गेले, त्यांना विहिरीला पाणी लागूनही ते पिता येत नाही म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या सरोवराचे आम्हांला फारसे अप्रूप वाटणार नाही, असा आमचा समज होता. लोणारच्या कड्यावर उभे राहिल्यावर तो समज क्षणात गळून पडला.

सपाट रानात चालता चालता एकाएकी पायांखालची जमीन संपते आणि समोर एक प्रचंड वाटोळी परात पसरलेली दिसते. काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर, खोली सुमारे दीडशे मीटर. उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाण्याचे संथ वर्तुळ, आणि काठाकाठाने झाडीतून डोकावणारी काळ्या पाषाणाची जुनी देवळे. मुलांचा गलबला आपोआप थांबला.

आमचा वाटाड्या गावातलाच होता. त्याने माहितीला प्रारंभ केला तो लवणासुराच्या कथेने. हा दैत्य भूमीच्या पोटात राही आणि आपल्या विवरावर झाकण घालून घेई. विष्णूने दैत्यसूदनाचे रूप घेऊन ते झाकण पायाच्या अंगठ्याने उडविले. ते दूर ढाकेफळजवळ जाऊन पडले व त्याची टेकडी झाली. दैत्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचे मीठ. कथा संपताच आमच्यातील एका चुणचुणीत मुलाने विचारले, "काका, हे खरं आहे का?" वाटाड्या हसला. "पोट्ट्या, गोष्ट पहिले आयकून तर घे. खरं-खोटं मंग पाहू." हे उत्तर त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेले. दिवस मावळेपर्यंत त्याचे मोल आम्हांला कळावयाचे होते.

शास्त्राची साक्ष

या विवराचा उलगडा करण्यास शास्त्रज्ञांनाही दीर्घकाळ लागला. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. दख्खनचे पठारच ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे. तेव्हा हे विवरही ज्वालामुखीचेच असले पाहिजे, असा तर्क पुढे दीर्घकाळ चालला. १८९६ साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने ॲरिझोनातील विवराची चर्चा करताना लोणारचाही उल्लेख केला. अखेर १९७३ साली अमेरिकन व भारतीय शास्त्रज्ञांनी येथील खडकांत मास्केलिनाईट हे काचसदृश द्रव्य दाखवून दिले. असे द्रव्य प्रचंड आघाताच्या दाबानेच निर्माण होते; म्हणून हे विवर अशनीच्या आघाताने झाले, हे सिद्ध झाले. त्याचे वय प्रथम सुमारे ५०,००० वर्षे मानले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते पाच लाख वर्षांच्याही पलीकडे नेले. काळ्या बसाल्ट खडकात झालेली अशी विवरे जगात अगदी मोजकी आहेत.

वर आकाशातून काहीतरी आले, भूमीचे झाकण उडाले आणि आत खारे पाणी साचले, एवढा सांगाडा कथेत आणि शास्त्रात सारखाच आहे, हे मात्र आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. यावरून कोणी पुराणात विज्ञान शोधू नये. पण त्या भूमीवर राहणाऱ्यांनी आपल्या भूमीकडे किती बारकाईने पाहिले होते, एवढे तरी मान्य करावे.

धार आणि देवळे

काठावरच गोमुखाची धार आहे. बाराही महिने वाहणारे हे गोड पाणी कुंडात पडते, तेथे भाविक स्नान करतात आणि तेच पाणी पुढे विवरात उतरते. खाली उतरणाऱ्या पायवाटेवर रामगया, वाघ महादेव, मोर मंदिर अशी देवळे लागतात. काहींचे खांब उभे आहेत, काहींच्या शिळा वडाच्या मुळांनी उचकटल्या आहेत. पाण्याच्या काठी कमळजादेवीचे देऊळ आहे. जवळच 'सासू-सुनेची विहीर'; तिचे एका बाजूचे पाणी गोड व दुसऱ्या बाजूचे खारे असे सांगतात. कोणती बाजू सासूची, यावर आमच्या भगिनीवर्गात बराच वेळ चर्चा झाली. वर गावात दैत्यसूदनाचे ताराकृती देऊळ आहे. त्याच्या बाह्य भिंतींवरील शिल्पांची दाटी पाहून मान दुखेपर्यंत वर बघावे लागते. ही सारी मंदिरे साधारणतः चालुक्य व यादव यांच्या काळातली.

राजे आले आणि गेले. १५९६ साली वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि अबुल फझलने 'ऐने अकबरी'त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना मेहकर सरकारातील या लोणारची आवर्जून नोंद केली. लोक या स्थानाला विष्णुगया मानतात, असे तो सांगतो. त्याचबरोबर येथील क्षार काच व साबण करण्यास उपयोगी पडतात आणि त्यापासून सरकारला चांगले उत्पन्न होते, हेही तो लिहितो. भक्तीचे तीर्थ आणि महसुलाचे ठाणे ही दोन्ही रूपे चारशे वर्षांपूर्वीही एकाच पाण्यात दिसत होती. पुढे निजामाचा अंमल आला, १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेले. क्षार काढण्याचे काम चालूच राहिले. आता तेही थांबले आहे. पण धारेवर येणारी माणसे काही थांबली नाहीत. ज्यांनी देवळे बांधली त्या राजांची नावे गावकऱ्यांना सांगता येत नाहीत; पाण्याची वाट मात्र लहान मुलालाही ठाऊक आहे.

सागरापलीकडचे दुसरे विवर

दुपारी झाडाखाली शिदोऱ्या सुटल्या. पिठले-पोळी आणि ठेचा खाता खाता त्याच मुलाने दुसरा प्रश्न टाकला: "डायनोसॉर मेले ते याच दगडाने का?" आमच्यातील विज्ञानाच्या शिक्षिकेने समजावून सांगितले, की तो अशनी फार मोठा, आणि फार प्राचीन. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो आजच्या मेक्सिको देशातील युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर आदळला. चिकशुलूब नावाचे ते विवर सुमारे १८० किलोमीटर रुंद आहे; परंतु ते चुनखडीच्या थरांखाली पूर्ण गाडले गेल्यामुळे डोळ्यांना दिसत नाही.

मात्र त्याची एक खूण वर उरली आहे. गाडलेल्या विवराच्या कडेला अनुसरून चुनखडीत पाण्याने भरलेल्या खोल डोहांची एक अर्धवर्तुळाकार माळ आहे. या डोहांना तेथे 'सेनोते' म्हणतात. उत्तर युकातानात भूपृष्ठावर नद्या जवळजवळ नाहीतच. तेव्हा तेथील माया लोकांचे जीवन या डोहांवरच उभे राहिले. चिचेन इत्सा या त्यांच्या प्रसिद्ध नगरीच्या नावाचा अर्थच 'इत्सांच्या विहिरीचे मुख' असा आहे. तेथील पायऱ्यांच्या उंच मंदिराला चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत. माथ्यावरची एक मिळवली की वर्षाचे ३६५ दिवस भरतात. जवळच पवित्र सेनोते आहे. त्यात माया लोक पर्जन्यदेवाला जेड, सोने आणि नरबळीही अर्पण करीत. आज जगभरचे प्रवासी लोणारप्रमाणेच वाटाड्यासह तेथे जातात, सकाळी भग्न देवळे पाहतात आणि दुपारी एखाद्या सेनोतेत पोहतात.

आकाशातून पडलेला दगड, त्यातून घडलेला जलाशय, त्याच्या काठी उभी राहिलेली देवळे: दोन खंडांतील हे साम्य ऐकून मंडळी चकित झाली. परंतु आम्हांला त्या क्षणी आठवले ते वेगळेच, आणि ते आठवणे सुखाचे नव्हते.

एक होळी आणि एक पुराण

१२ जुलै १५६२ रोजी युकातानातील मानी या गावी दिएगो दे लांदा या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने माया लोकांच्या मूर्तींची आणि चित्रलिपीतील ग्रंथांची होळी केली. बाप्तिस्मा घेतलेले माया लोक गुप्तपणे जुनी पूजा करतात, या संशयावरून त्याने हजारो स्त्री-पुरुषांचा छळ केला होता. ग्रंथ जळताना त्या लोकांना किती दुःख झाले, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. आज मायांचे जुने ग्रंथ जगात केवळ चार उरले आहेत.

परंतु त्याच वर्षी, होळीनंतर काही आठवड्यांतच, बिशप फ्रान्सिस्को दे तोराल तेथे दाखल झाले. तेही फ्रान्सिस्कनच. त्यांनी हा छळ थांबविला, बंदिवानांना मुक्त केले आणि लांदाला जाब देण्यासाठी स्पेनला जावे लागले. तेथे सुमारे १५६६ साली त्याने मायांच्या चालीरीती, पंचांग आणि लिपी यांवर एक ग्रंथ लिहिला. ज्या हातांनी ग्रंथ जाळले, त्याच हातांनी ही नोंद केली! तिची नक्कल १८६२ साली माद्रिदमध्ये एका फ्रेंच धर्मगुरूला, ब्रासर द बूरबूर यांना, सापडली. आणि तिच्याच आधारे १९५२ साली रशियन विद्वान युरी क्नोरोझोव्ह यांनी माया लिपी वाचण्याची वाट मोकळी केली. लांदा पुढे दोषमुक्त होऊन युकातानचाच बिशप झाला आणि १५७९ साली मरण पावला.

१५७९! याच वर्षाच्या ऑक्टोबरात फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले. गोव्यातही त्या शतकात सासष्टी व बारदेशातील देवळे पाडली गेली होती. हे सत्य आपण झाकून ठेवू नये. पण स्टीफन्स यांनी येथल्या माणसांची भाषा आपलीशी केली, तिच्या गोडव्याने ते भारावले, आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचून १६१६ साली छापले. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात सोळाव्या शतकातील काही हस्तलिखिते आहेत. रामायण-महाभारतातील कथा मिशनऱ्यांच्या परंपरेने रोमन लिपीत त्यांत उतरवून घेतल्या आहेत. ऐकणारा कान असल्याखेरीज अशी पाने लिहिली जात नाहीत. मानीची होळी आणि मराठी ओवी, हे दोन्ही आपल्याच घराण्याचे वारसे आहेत. त्यांतील कोणता पुढे चालवावयाचा, याची निवड प्रत्येक पिढीला नव्याने करावी लागते.

पिशवीतला दगड

ही निवड आमच्यापुढे फार लवकर आली. निघण्यापूर्वी डोकी मोजताना एका मुलाच्या पिशवीत कोरीव दगडाचा एक तुकडा आढळला. फुलाच्या पाकळीचा, तळहाताएवढा. पडक्या देवळाजवळ नुसता पडला होता, तो कोणाचाच नव्हता, असे त्याचे म्हणणे. खरे सांगावयाचे तर आमच्यातील एका वडीलधाऱ्यांनीही "राहू द्या, आठवण म्हणून" असे म्हटले. आणि आम्हीही क्षणभर गप्प राहिलो. चिचेन इत्साच्या पवित्र सेनोतेचा तळ विसाव्या शतकाच्या आरंभी एडवर्ड थॉम्पसन याने उपसला आणि तेथील वस्तू अमेरिकेतील हार्वर्डच्या संग्रहालयात नेल्या, तेव्हा त्यालाही त्या कोणाच्या नाहीत असेच वाटले असेल काय?

वाटाड्याने राग केला नाही. तो इतकेच म्हणाला, "सायेब, एकेक पाकळी गेली, तं देऊळ राहीन काहून?"

आम्ही त्या मुलाला घेऊन, चढलेली वाट पुन्हा उतरून, तो तुकडा होता तेथे ठेवून आलो. बसला पाऊण तास उशीर झाला. कोणी कुरकुर केली नाही.

आपल्या प्रभूनेही एकदा भर दुपारी परक्या लोकांच्या विहिरीवर, याकोबाच्या विहिरीवर, थांबून एका शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागितले होते. संभाषणाचा प्रारंभ मागण्याने झाला, हे पवित्र शास्त्र वाचताना आपल्या नजरेतून अनेकदा निसटते. परक्या पाणवठ्यावर जाणाऱ्याने आधी हात पुढे करावा, गोष्ट ऐकून घ्यावी, बोलणे त्यानंतर.

लोणारचे पाणीही आज जपण्याची वस्तू झाली आहे. जून २०२० मध्ये ते एकाएकी गुलाबी झाले. पाणी कमी होऊन क्षार वाढल्यामुळे खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हा रंग दिला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत आढळले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. लाखो वर्षे टिकलेल्या या सरोवराचे पुढे काय होईल, हे आता आकाशातल्या दगडांपेक्षा काठावर येणाऱ्या माणसांवर अधिक अवलंबून आहे.

परतीच्या वाटेवर मेहकर मागे पडले, अंधार झाला, मुले पेंगुळली. जागा होता तो एकटा तो प्रश्न विचारणारा मुलगा. त्याने हळूच विचारले, "पुढच्या वेळी त्या काकांना आपली गोष्ट सांगायची का?" आम्ही म्हटले, "जरूर सांगू. आधी त्यांच्या उरलेल्या ऐकून घेऊ."