युरोपचे शेती-अनुदान कोणाच्या सातबाऱ्यावर जाते?

शेतीप्रश्नावर चर्चा निघाली की कोणीतरी हमखास म्हणतो, "युरोपात बघा, सरकार शेतकऱ्याला किती देते!" देते, हे खरे. पण मित्रांनो, तिथे शेतकरी म्हणजे कोण, हेही विचारा.

युरोपचे सामायिक कृषी धोरण १९६२ मध्ये सुरू झाले. महायुद्धातली उपासमार ताजी होती, म्हणून मालाला हमीभाव दिला. जो जास्त पिकवील त्याला जास्त पैसा. लोण्याचे डोंगर साठले. १९८४ मध्ये दुधावर कोटा लावावा लागला. त्याआधीच, १९६८ मध्ये, कृषी आयुक्त सिको मान्सहोल्ट यांनी सुचवले होते की पन्नास लाख लोकांनी शेती सोडावी. १९७१ मध्ये शेतकरी ब्रसेल्सच्या रस्त्यावर उतरले, एकाचा जीव गेला. योजना पातळ झाली, पण लहान शेतकरी हटायचा तो हटलाच. २००५ ते २०२० मध्ये पन्नास लाखांहून अधिक शेते बंद झाली.

१९९२ पासून पैसा भावाऐवजी हेक्टरवर मिळू लागला. २००३ च्या सुधारणेनंतर बहुतेक ठिकाणी पीक घेण्याचीही सक्ती उरली नाही. ज्याच्याकडे जमीन जास्त, त्याला अनुदान जास्त. थेट अनुदानाची सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के लाभार्थींकडे जाते.

याचा अर्थ दक्षिण स्पेनमधल्या अंदालुसियात उघडा दिसतो. तिथे सरंजामी घराण्यांकडे हजारो हेक्टर जमीन आणि पिढ्यान्‌पिढ्या रोजंदारी करणारे भूमिहीन, ज्यांना 'होर्नालेरो' म्हणतात. आल्बाच्या डचेसला लाखो युरो अनुदान मिळत असे. गहू, सूर्यफूल यंत्राने निघते, मजूर लागत नाही, आणि अनुदान मात्र चालू! मारिनालेदा गावच्या मजुरांनी ड्यूक ऑफ इन्फान्तादोच्या जमिनीवर वर्षानुवर्षे ठिय्या दिला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला १,२०० हेक्टर मिळवले. मग त्यांनी मुद्दाम मिरची, आर्टिचोक अशी जास्त हातांना काम देणारी पिके लावली. जमिनीवर काय पिकेल हे ती कोणाच्या ताब्यात आहे यावर ठरते, ते असे.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये जमीनदार, कूळ आणि भूमिहीन मजूर हे तिन्ही उरणार नाहीत अशी शेती मांडली होती. युरोपने मालकी तशीच ठेवून पैसा ओतला. मजुरांचे हक्क डावलल्यास मालकाचे अनुदान कापण्याची तरतूद लागू व्हायला २०२३ उजाडले. तेही कापलेला पैसा मजुराच्या हातात पडत नाही.